वाघ, पाणवठा आणि शाळा : नागपूर परिसरातील निसर्गशिक्षणाचा आढावा

वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा विचार होतो तेव्हा जखमी प्राण्यांचा बचाव, संशोधन आणि न्यायालयीन लढे यांची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्या शैक्षणिक कामाची मात्र फारशी चिकित्सा होत नाही, जरी अशा बहुतेक संस्थांच्या वार्षिक अहवालांत ‘निसर्गशिक्षण’ आणि ‘लोकसहभाग’ या दोन शब्दांना हक्काची जागा असते. निसर्गशिक्षण म्हणजे मुलांना सजीवसृष्टीची ओळख, तिच्याविषयी आस्था आणि तिच्याशी वागण्याची रीत देणारे अनौपचारिक किंवा शाळेला जोडून चालणारे शिक्षण; तर लोकसहभाग म्हणजे संवर्धनाच्या कामात सामान्य नागरिकाने प्रेक्षक न राहता काही वाटा उचलणे, मग तो पक्षिगणनेतील असो, श्रमदानातील असो की एखाद्या प्रकल्पावर हरकत नोंदविण्याचा असो. या दोन्ही कामांचा एकत्र आढावा घेण्यासाठी महाराष्ट्रात नागपूरसारखे ठिकाण नाही. राज्याच्या वनविभागाचे आणि वनविकास महामंडळाचे मुख्यालय येथे आहे, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा हे चार व्याघ्र प्रकल्प येथून काही तासांच्या प्रवासात गाठता येतात, आणि राज्यातील वाघांची अंदाजित संख्या २०१४ मधील १९० वरून २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वर गेली, ती वाढ मुख्यत्वे विदर्भातील आहे. मुंबई-पुण्यात निसर्गप्रेम ही बव्हंशी फावल्या वेळातली गोष्ट असते. नागपूरच्या पंचक्रोशीत ती शेताच्या बांधापर्यंत आलेल्या वाघाशी जोडलेली आहे.

याच कारणाने येथील संस्थांसमोर एकाच नावाची पण स्वभावाने अगदी वेगळी अशी दोन मुले बसलेली असतात. एक शहरातले, ज्याने वाघ पडद्यावर किंवा जिप्सीतून पाहिला आहे आणि ज्याला तो पुन्हा पाहायचा आहे. दुसरे मोहुर्ली, देवलापार किंवा सिंदेवाहीकडच्या गावातले, ज्याची आई मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाते आणि ज्याला वाघ दिसू नये असेच घरातल्या सर्वांना वाटते. या दोघांना एकच चित्रफीत, एकच प्रश्नमंजूषा आणि एकच ‘वाघ वाचवा’ची शपथ देणारे कार्यक्रम गेल्या अडीच दशकांत पुष्कळ झाले. जे कार्यक्रम टिकले आणि ज्यांचा काही परिणाम जाणवला, ते मात्र या दोन मुलांमधील फरक ओळखून आखलेले होते.

या कामाचा पूर्वेतिहास संस्थांपेक्षा बराच जुना आहे. नागपूरकर ज्याला ‘अजब बंगला’ म्हणतात ते मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले आणि त्यातील पेंढा भरलेले प्राणी-पक्षी पाहणे हा शहरातील अनेक पिढ्यांचा वन्यजीवांशी झालेला पहिला परिचय होता. महाराजबागेतील प्राणिसंग्रहालयाने त्यात जिवंत, पण पिंजऱ्यातल्या प्राण्यांची भर घातली. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षक आणि प्राणी यांच्यातले नाते पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू एवढेच होते. पुढे नागपूरपासून जवळच अगदी निराळा प्रयोग सुरू झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची ‘नई तालीम’ आकाराला आली, जिच्यात हाताचे काम, शेत आणि परिसर हेच पाठ्यपुस्तक मानले होते. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेतीकाम शिक्षणाचा भाग म्हणून करतात. वन्यजीव संस्थांनी आपल्या कार्यक्रमांचे मूळ शोधताना पाश्चात्त्य पर्यावरणशिक्षणाकडे वारंवार पाहिले आणि शेजारच्या जिल्ह्यातील या परंपरेकडे जवळजवळ पाहिलेच नाही, ही विदर्भातील निसर्गशिक्षणाची एक चमत्कारिक उणीव म्हणावी लागेल.

औपचारिक पातळीवर देशात १९५० च्या दशकापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह साजरा होऊ लागला. तेव्हापासून निबंध, चित्रकला आणि फेऱ्या हा त्याचा ठरलेला साचा आहे. १९७७ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरणशिक्षणाची उद्दिष्टे जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग अशा क्रमाने मांडली आणि हा क्रम पुढे जगभरच्या संस्थांनी स्वीकारला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात आणण्याचा आदेश दिल्यानंतर तो अभ्यासक्रमात आला, आणि २००१-०२ पासून ‘राष्ट्रीय हरित सेना’ या योजनेखाली शाळाशाळांत पर्यावरण मंडळे नोंदली गेली, ज्यांचे काम महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभागाकडे आले. कागदावर ही रचना भक्कम होती. प्रत्यक्षात विषय गुणपत्रिकेत आला आणि वर्गाबाहेर गेला नाही. मंडळाची पाटी लागली, पण ते चालविणारा शिक्षक तोच, ज्याच्याकडे आधीच पोषण आहाराचा हिशेब आणि निवडणुकीची कामे होती. स्वयंसेवी संस्थांना शाळेत जो वाव मिळाला तो या पोकळीमुळे.

पोकळी भरणाऱ्यांत एक व्यक्ती अशी होती जिने संस्था न काढता संस्थेइतके काम केले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात दीर्घ नोकरी केली, नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथे वर्षानुवर्षे वास्तव्य केले, अनेक दशके नागपूरला राहून लेखन केले, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या ललित लेखनाने मराठी वाचकाला जंगलाची गोडी लावली हे सर्वमान्य आहे. परंतु निसर्गशिक्षणाच्या दृष्टीने त्यांचे अधिक मोलाचे योगदान असे की, गोंड, माडिया, कोरकू, धीवर आणि गावोगावचे जुने शिकारी यांच्याकडे असलेले ज्ञान त्यांनी ज्ञान म्हणूनच नोंदविले आणि ‘पक्षीकोशा’सारख्या ग्रंथांत त्याला शास्त्रीय वर्गीकरणाच्या शेजारी बसविले. ज्या मुलाच्या आजोबाला पक्ष्याची वीण, त्याचे खाद्य आणि त्याच्या येण्याजाण्याचा महिना ठाऊक आहे, ते मूल अडाणी नसून एका चालत्या परंपरेचे वारस आहे, ही समजूत मराठी वाचकवर्गात रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. त्यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत, ‘पक्षी सप्ताह’ पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. त्याआधी महाराष्ट्र पक्षिमित्र या संघटनेचे सभासद तो स्वतःहून पाळत होते. लोकांनी आधी सुरू केलेल्या आणि शासनाने नंतर स्वीकारलेल्या मोजक्या निसर्गविषयक उपक्रमांपैकी हा एक आहे, आणि हिवाळी पाहुणे तलावांवर उतरू लागण्याच्या सुमारास तो येत असल्याने शाळांना तो वन्यजीव सप्ताहापेक्षा अधिक कामाचा ठरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातील रान दाट असते आणि पाहण्यासारखे त्यात फारसे दिसत नाही.

शहरातील मुलांसाठीच्या कार्यक्रमांत सर्वांत व्यापक ठरला तो ‘किड्स फॉर टायगर्स’. बिट्टू सहगल यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘सँक्च्युअरी’ नियतकालिकाने २००० साली तो हाती घेतला आणि नागपूरसह अनेक शहरांतील शाळांत शिक्षकांची कार्यशाळा, चित्रफिती, निसर्गफेरी आणि वर्षाअखेर व्याघ्रमहोत्सव असा त्याचा क्रम बसला. वाघ वाचला तर जंगल वाचते, जंगल वाचले तर नद्या वाचतात, हा त्याचा मूळ युक्तिवाद मुलांना चटकन कळणारा आहे आणि शास्त्रीय दृष्ट्याही तो चुकीचा नाही. पेंच प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयातून नागपूरला पिण्याचे पाणी येते, त्यामुळे या शहरात तो शब्दशः खरा आहे. अडचण युक्तिवादात नसून त्याच्या पहिल्या पायरीवरच मुक्काम पडतो यात आहे. वाघाने लक्ष वेधून घेतल्यावर कोळसुंदा, खवल्या मांजर, पाणमांजर, गवत, बुरशी आणि गांडूळ यांच्याकडे वळायचे असते. परंतु महोत्सवात मुखवटे वाघाचेच असतात, घोषणा वाघाच्याच असतात आणि बक्षिसाची सहल वाघ पाहण्यासाठीच असते. केंब्रिजचे अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले होते की, ब्रिटनमधील आठ वर्षांवरील मुलांना परिसरातील सामान्य प्राणी-वनस्पतींपेक्षा पोकेमॉनमधील काल्पनिक प्राणी अधिक ओळखता येतात. विदर्भात पोकेमॉनची जागा काही अंशी वाघाने घेतली आहे की काय, असा प्रश्न पडण्याजोगी स्थिती आहे: नामांकित वाघांची वंशावळ तोंडपाठ असलेली आणि अंगणातला तांबट न ओळखणारी मुले नागपुरात दुर्मीळ नाहीत.

वाघाच्या या आकर्षणाची परिणती कुठे होते हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. गोठणगाव भागात एफ-२ या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडविली. चित्रफीत पसरल्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. त्या गाड्यांतील लोक निसर्गाबद्दल उदासीन होते असे म्हणता येणार नाही. उत्साह त्यांच्याकडे भरपूर होता. वाघाविषयीचे प्रेम आणि वाघाला वाट देण्याची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संस्थांच्या कार्यक्रमांनी पहिली पुष्कळ शिकविली.

शहरातच, जंगलात न जाता, जे चालते ते तुलनेने दुर्लक्षित पण अधिक फलदायी आहे. सेमिनरी हिल्सवरील वनविभागाच्या ‘ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर’मध्ये, म्हणजे जखमी वन्यजीवांना उपचार करून पुन्हा निसर्गात सोडण्यापूर्वी ठेवण्याच्या केंद्रात, संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी येतात. ते आणणारे बहुधा सामान्य नागरिक आणि शाळकरी मुले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, नागपूर खंडपीठानेही प्रशासनाला वारंवार फटकारले, तरी मांजा मिळतोच. म्हणून शाळांमधून संस्था घेत असलेल्या मांजामुक्तीच्या शपथेला येथे एक अर्थ आहे, कारण शपथ मोडली की पाळली हे मुलाच्या स्वतःच्या चक्रीवर ठरते. वर्तनात उतरू शकेल इतक्या लहान आकाराचा संदेश हे निसर्गशिक्षणाचे फार मोठे बळ असते. ‘ग्रीन व्हिजिल’ या संस्थेने महानगरपालिकेबरोबर पौर्णिमेच्या रात्री तासभर अनावश्यक दिवे मालविण्याचा जो उपक्रम चालविला आणि फुटाळा तलावावर गणेशमूर्ती कृत्रिम हौदात विसर्जित करण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांनाही हेच लागू पडते. सर्पमित्रांचे काम याच जातीचे, पण त्याला दुसरी बाजू आहे. घरात निघालेला साप न मारता दूरध्वनी करण्याची सवय विदर्भातील शहरांना सर्पमित्रांनी लावली, नागपंचमीला दूध पाजण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनीच वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. मात्र व्याख्यानात जिवंत नाग हाताळून दाखविल्याने भीती जाते की धाडसाची हौस येते, याचा निवाडा अशा कार्यक्रमांतून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे पाहून करावा लागतो आणि तो नेहमी सर्पमित्रांच्या बाजूने लागत नाही. हाताळणीचा हा प्रश्न भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे अधिक गुंतागुंतीचा झाला. डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेल्या पिल्लांसाठी उभारलेल्या अनाथालयाने माडिया मुलांच्या आणि हजारो पाहुण्यांच्या मनात प्राण्यांविषयी जिव्हाळा निर्माण केला. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मात्र प्राण्यांशी प्रत्यक्ष संपर्काच्या छायाचित्रांवर आक्षेप घेतला. नियम प्राधिकरणाच्या बाजूने आहेत. जिव्हाळा कुठून सुरू झाला याचे उत्तर तेवढ्याने मिळत नाही.

गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानाचा उल्लेख येथे ओघाने करावा लागतो. २६ जानेवारी २०२१ रोजी त्यातील भारतीय सफारी खुली झाली आणि शाळांच्या सहलींचे ते आवडते ठिकाण बनले. तेथील बचाव केंद्राचे काम महत्त्वाचे असले तरी बसच्या खिडकीतून कुंपणातील वाघ पाहण्याचे शैक्षणिक मूल्य अजब बंगल्यापेक्षा फार पुढे गेले आहे असे म्हणवत नाही. त्याच परिसरातील तलावाकाठची पायवाट, जिथे काहीही हमखास दिसण्याची खात्री नाही, ती मुलांना अधिक शिकविते.

जंगलालगतच्या गावांतील काम हा या आढाव्याचा खरा गाभा आहे. व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात: गाभा क्षेत्र, जिथे मानवी वस्ती आणि वापर शक्य तितका कमी ठेवला जातो, आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र, जिथे गावे, शेती आणि वनोपज गोळा करणे चालू असते. ताडोब्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, तर बफर ११०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. बफरमधील मुलाला निसर्गाशी ‘जोडण्या’ची गरज नसते, ते त्यातच वाढलेले असते. ताडोबा तलावाकाठी ज्याचे ठाणे आहे आणि ज्याच्यावरून या जंगलाला नाव पडल्याचे सांगतात, तो तारू वाघाशी झुंजताना मेला असे स्थानिक लोक मानतात आणि पौषात तिथे यात्रा भरत आली आहे. वाघाला भिणे आणि वाघाला मानणे या दोन्ही वृत्ती या मुलाला घरातच मिळालेल्या असतात. त्याला नसते ती जंगलातून मिळणाऱ्या लाभात वाटणी, आणि आपल्या गावाच्या पलीकडचे, पैसे देऊन पाहावे लागणारे जंगल.

किशोर रिठे यांनी २००१ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या सातपुडा फाउंडेशनने हे सर्वांत आधी ओळखले असे म्हणता येईल. मेळघाट, पेंच, ताडोबा आणि मध्य प्रदेशातील कान्हा, सातपुडा या प्रकल्पांभोवतीच्या गावांत या संस्थेने शाळांतील निसर्गशिक्षणाला फिरता दवाखाना, तरुणांना पर्यटन व्यवसायातील नोकऱ्यांचे प्रशिक्षण आणि ग्रामस्थांच्या प्रश्नांचा पाठपुरावा यांची जोड दिली. पर्यावरणशिक्षणाच्या पुस्तकांत दवाखान्याला जागा नसते. तरीही ज्या गावात साधा ताप घेऊन तालुक्याला जावे लागते तिथे ‘वाघ वाचवा’ सांगणाऱ्या माणसाचे कोणी का ऐकावे, या प्रश्नाचे दवाखाना हेच उत्तर होते. ब्रिटनमधील बॉर्न फ्री फाउंडेशनने सातपुडा भूप्रदेशातील अनेक स्थानिक संस्थांना एकत्र बांधून जो व्याघ्र कार्यक्रम चालविला, त्यातही शिक्षण आणि गावविकास अशीच जोडी होती. (बॉर्न फ्रीचा जन्म १९८४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या विरोधातील चळवळ म्हणून झाला, तिच्या मदतीने चाललेल्या वर्गांतील काही मुले पुढे सहलीला गोरेवाड्याला गेली असतील, हा या क्षेत्रातील गंमतीचा भाग.) पेंचभोवतीच्या शाळांत चाललेल्या कामाला मोगलीचे नाव सहज चिकटते, कारण किप्लिंगच्या ‘जंगल बुक’ची भूमी म्हणून शिवनीचे रान जगाला माहीत आहे, आणि मध्य प्रदेश शासनही शाळकरी मुलांसाठी ‘मोगली उत्सव’ भरविते. जंगलात वाढलेल्या मुलांना जंगलात वाढलेल्या मुलाची इंग्रजीतून आलेली गोष्ट सांगावी लागते, यावर कोणाला हसू आले तर ते क्षम्य आहे.

ताडोबा प्रशासनाचा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम दुसऱ्या टोकाने सुरू होतो. बफरमधील शाळांच्या मुलांना सफारीची गाडी, मार्गदर्शक आणि निसर्गविषयक खेळ मोफत देऊन गाभा क्षेत्रात नेले जाते. प्रवेशद्वारासमोर राहूनही आत कधीच न गेलेल्या मुलांची संख्या मोठी होती, त्यामुळे या उपक्रमात न्यायाचाही अंश आहे. वर्गात खाली मान घालून बसणारा मुलगा गाडीत सांबराचा किंवा वानराचा इशारा, गाइड ज्याला ‘कॉल’ म्हणतात तो, सर्वांआधी ओळखू शकतो, आणि शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याची नवी ओळख होते. शिक्षणाच्या दृष्टीने अशा सहलीत वाघ दिसण्यापेक्षा याला महत्त्व द्यायला हवे. उणीव ही की एका सकाळी सुरू झालेले पुढे चालविण्यासाठी शाळेत कोणी नसते. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींकडून निसर्गमंडळाची अपेक्षा करणे हे अपेक्षा न करण्यासारखेच आहे. ज्या गावांत महिला गाइड आणि गेल्या काही वर्षांत महिला जिप्सीचालक झाल्या, तिथे मात्र एक निराळेच शिक्षण घडले: मुलींना जंगलात नोकरी असते हे दिसले, आणि तेही आपल्याच शेजारणीच्या रूपाने.

संवर्धनशास्त्रात ‘नागरिक विज्ञान’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत, म्हणजे प्रशिक्षित नसलेल्या नागरिकांनी पद्धतशीर नोंदी करून संशोधनाला हातभार लावणे, विदर्भात दोन अगदी भिन्न रूपांत दिसते. पहिले रूप बुद्ध पौर्णिमेच्या रात्रीचे. वैशाखात पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते आणि चांदण्यात प्राणी दिसतात, म्हणून मचाणावर रात्रभर बसून ते मोजण्याची प्रथा पडली. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जाऊ शकतो, त्यामुळे या आकड्यांवर संख्येचा अंदाज बांधता येत नाही. सारिस्कातील वाघ २००५ मध्ये संपल्याचे उघड झाल्यानंतर देशभर कॅमेरा ट्रॅप आणि ठरावीक रेषेवरून चालत केलेल्या नोंदी यांवर आधारित पद्धत आली, आणि महाराष्ट्राच्या वनविभागाने मचाणावरील रात्रीला ‘निसर्गानुभव’ असे नवे नाव दिले. हा बदल प्रामाणिक होता. सहभाग विज्ञानासाठी नसून सहभागी माणसासाठी आहे हे त्यात मान्य केले गेले, आणि नोंदीची घाई गेल्यावर बारा तास न बोलता बसणे हेच मुख्य काम उरले. शुल्क आणि मर्यादित जागा यांमुळे ते बहुतांशी शहरी हौशी माणसाचे उरले, हे मात्र खरे.

दुसरे रूप गोंदियाचे. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता जवळजवळ केवळ गोंदिया-भंडारा भागात, धानाच्या बांध्यांत आणि माजी मालगुजारी तलावांच्या काठी उरला आहे. तेथील ‘सेवा’ ही संस्था दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या बालाघाट जिल्ह्यासह सारसांची गणना करते, घरटे शेतात असेल तर शेतकऱ्याला ते राखण्यासाठी राजी करते आणि शेतकरी, विद्यार्थी, शिक्षक यांनाच ‘सारसमित्र’ करते. येथील आकडा थोड्या पक्ष्यांचा असल्यामुळे मोजदाद विश्वासार्ह होते, आणि मोजणारा तोच असल्यामुळे, ज्याच्या बांधीत घरटे आहे, निष्कर्ष आणि कृती यांत अंतर राहत नाही. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली तेव्हा न्यायालयासमोर आलेली माहिती मोठ्या प्रमाणात अशाच नोंदींतून उभी राहिली होती. वर्ध्यात ‘बहार नेचर फाउंडेशन’ने शहरपक्षी ठरविण्यासाठी नागरिकांचे मतदान घेतले आणि नीलपंख निवडून आला, दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या पक्ष्याला मते पडावीत यात नवल नाही, पण महाविद्यालयीन मुलांनी पक्ष्यांचा प्रचार करावा, ही कल्पना कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा अधिक लोकांपर्यंत पोहोचणारी होती.

लोकसहभागाची तिसरी पायरी, जिच्याबद्दल शैक्षणिक अहवाल सहसा मौन पाळतात, ती म्हणजे विरोध. नागपूर-जबलपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात पेंचचा भ्रमणमार्ग, म्हणजे दोन जंगलांमध्ये प्राण्यांच्या येण्याजाण्याचा पट्टा, तुटणार होता; नागपूरच्या सृष्टी पर्यावरण मंडळाने आणि मुंबईच्या कन्झर्वेशन अॅक्शन ट्रस्टने न्यायालयात नेटाने पाठपुरावा केला, आणि आज त्या रस्त्याखाली प्राण्यांसाठी बांधलेले मार्ग आहेत, ज्यांतून वाघ, रानकुत्री आणि चितळ जात असल्याच्या नोंदी भारतीय वन्यजीव संस्थेने घेतल्या आहेत. ताडोब्याजवळच्या लोहारा येथील कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि खाण थांबली, त्याच संस्थेच्या तरुणांनी पुढे चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याची महिनोन्‌महिने स्वच्छता केली, म्हणजे निसर्ग आणि वारसा यांत त्यांनी भिंत घातली नाही. नागपूरच्या अजनी भागातील झाडे तोडीपासून वाचविण्यासाठी २०२१ च्या सुमारास नागपूरकर एकत्र आले तेव्हा त्यांत कुटुंबे मुलांसह होती. अशा प्रसंगी मूल जे शिकते ते कोणत्याही पाठात नाही: झाड कोणाच्या मालकीचे, ते तोडण्याची परवानगी कोण देतो, हरकत कशी नोंदवतात.

याच ठिकाणी पैशाचा प्रश्न आडवा येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या उद्योगांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि पर्यावरण हा त्यातील मान्य विषय आहे. २०२० मधील दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे देण्यास मनाई झाल्यावर लहान ग्रामीण संस्थांचा या देशी निधीवरील भार आणखी वाढला. हा निधी बहुधा वर्षापुरता असतो आणि त्याला वर्षाअखेर आकडा हवा असतो: किती शाळा, किती मुले, किती रोपे. मुलाच्या मनात आस्था रुजायला किती वर्षे लागतात हे त्या तक्त्यात बसत नाही, म्हणून दहा शाळांत पाच वर्षे जाण्यापेक्षा पन्नास शाळांत एकेकदा जाणे संस्थेला परवडते. शिवाय विदर्भात खाण, वीज आणि रस्ते यांतील उद्योगच मोठे देणगीदार असण्याचा संभव अधिक. त्यांच्या पैशावर चालणाऱ्या वर्गात भ्रमणमार्गाचा धडा कितपत मोकळेपणाने शिकविता येईल, हा प्रश्न संस्थांनी स्वतःला विचारलेला बरा. अपवाद आहेत. पेंच प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम प्रकाशापासून राखलेले रात्रीचे आकाश, अशी मान्यता मिळाली, आणि त्यासाठी परिसरातील गावांतील दिवे झाकावे लागले. येथे काही न लावता, न वाटता, फक्त कमी करून लोकांचा सहभाग घेतला गेला, आणि त्याची मोजदाद रोपांच्या संख्येत होऊ शकत नाही.

या सगळ्या कामाच्या वेळापत्रकाकडे मात्र कोणी फारसे पाहिलेले नाही. व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असते, शाळांचे कार्यक्रम ऑक्टोबरमधील वन्यजीव सप्ताहापासून सुरू होतात, पक्षी सप्ताह आणि सहली आटोपून फेब्रुवारीत परीक्षांची चाहूल लागली की ते थांबतात. उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा. म्हणजे मार्चअखेरीपासून मोहफुले वेचण्याचा आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडण्याचा जो हंगाम असतो, ज्यात सारे गाव पहाटे अंधारात वाकून काम करीत जंगलात असते आणि घरची मुलेही सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला बसतात, नेमक्या त्याच काळात निसर्गशिक्षणाचा एकही तास होत नाही. वाकलेला माणूस वाघाला चतुष्पाद भक्ष्यासारखा भासू शकतो, म्हणून एकट्याने न जाणे, आवाज करीत राहणे, पहाटेची वेळ टाळणे हे नियम वनविभाग आणि गावांतील प्राथमिक प्रतिसाद दले, म्हणजे वाघ वस्तीजवळ आल्यास गर्दी आवरण्यासाठी तयार केलेली स्थानिक तरुणांची पथके, सांगत असतात. तरीही १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या आणि त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात असे मृत्यू होतच राहिले. नागपुरात त्याच मे महिन्यात मुलांची उन्हाळी निसर्गशिबिरे भरतात. ती जंगलकाठच्या गावांत, तेंदूच्या फडावर, संध्याकाळी पाने मोजून झाल्यावर भरवायची असतील तर संस्थांना आपले वर्ष जूनपासून नव्हे तर मोह फुलण्यापासून मोजावे लागेल, आणि त्यासाठी निधी देणाऱ्याचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते ही पहिली अडचण ओलांडावी लागेल.